जुना रिसिव्हर, दोन बॉक्स आणि एक ऑप्टिकल वायर

गावाकडं "होम थिएटर" म्हटलं की निळे दिवे लुकलुकणारा, पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथवाला डबा डोळ्यांपुढं येतो. सोबत पाच चिमुकली डबडी, एक वूफर आणि खोक्यावर छापलेलं "१०,००० वॅट पीएमपीओ". या पीएमपीओला कुठलंही ठरलेलं माप नाही, छापणाऱ्याच्या मनात आला तो आकडा. इथं बोलायचंय ते दुसऱ्या यंत्राबद्दल. मागं वीस-पंचवीस सॉकेट, समोर आवाजाचं गरगरीत बटण, आणि उचलायला गेलं की आठ-दहा किलोंचा भार हाताला लागतो, तो एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्ही, रेडिओ, मोबाइल यांचा आवाज घेऊन बॉक्सना पुरवणारं यंत्र. बनला सिनेमासाठी, पण सकाळची भजनं, दुपारी रेडिओ, संध्याकाळच्या बातम्या आणि रात्री हळू आवाजातली गाणी यासाठी त्याच्याइतकं पैसे वसूल यंत्र दुसरं नाही. अट एकच: तो जुना घ्यायचा, आणि त्याला पाच नव्हे, दोनच चांगले बॉक्स (स्पीकर) जोडायचे.

जुना स्वस्त का मिळतो? शहरातल्या लोकांनी टीव्ही फोर-के केला आणि रिसिव्हरचं एचडीएमआय मागं पडलं. एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून परत पाठवायची सोय, आलं २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत. त्याआधीचे रिसिव्हर टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून परत घेत नाहीत. पुढं २०१३ मध्ये २.० आलं, २०१४ पासून ॲटमॉसवाले (डोक्यावरूनही आवाज देणारे) रिसिव्हर आले आणि आधीची सगळी पिढी अडगळीत गेली. पण म्हातारा झाला तो चित्र वाहून नेणारा भाग. ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायर, ट्यूनर आणि ऑप्टिकल इनपुट यांचं काहीच बिघडलेलं नसतं. नवा साधा ५.१ (पाच बॉक्स, एक वूफर) रिसिव्हर आज तीस हजारांच्या आसपास जातो. २००५ ते २०१२ मधला धडधाकट नग त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळू शकतो, आणि दोन बॉक्स वाजवायचे तर पुष्कळदा त्याचा ट्रान्सफॉर्मर नव्यापेक्षा दणकट असतो.

आता वॅटचा हिशेब, कारण दुकानात सगळी फसगत इथंच होते. साधारण बॉक्सची संवेदनशीलता ८८ डेसिबल असते, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज. ३ मीटरवर तो साडेनऊ डेसिबलनं उतरतो, दोन बॉक्स मिळून ३ डेसिबल परत चढतो. म्हणजे बाजेवर बसलेल्या माणसाच्या कानाशी, फक्त एकेक वॅटवर, ८० च्या वर. समोरासमोरच्या बोलण्याचा आवाज साठ-पासष्टच्या घरात असतो. रोजचं ऐकणं एका वॅटच्या आत उरकतं. उरलेले वॅट ढोलकीच्या थापेसारख्या अचानक उसळीसाठी राखीव. म्हणून "दोन्ही चॅनेल चालू असताना, ८ ओमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असं लिहून जो ५० वॅट सांगतो, तो "एकच चॅनेल, ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन" असं बारीक अक्षरात लिहून १२० सांगणाऱ्यापेक्षा भारी भरतो, कारण पहिल्याचं माप दोन्ही बॉक्स आणि सगळ्या सुरांवरचं, दुसऱ्याचं एकाच बॉक्सवर, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणलेलं.

हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलं होतं. रात्री घरचे झोपल्यावर आवाज कमी केला की तबल्याचा बाया गायब होतो आणि उरते नुसती किणकिण, त्याचं कारण हेच. जुन्या डेकवर "लाउडनेस"चं बटण त्यासाठीच असायचं. ऑडिसीवाल्या (माइकनं खोली मोजून आवाज जुळवणाऱ्या) रिसिव्हरमध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती "डायनॅमिक ईक्यू" नावानं येते. आवाज जसजसा उतरतो तसतसा खालचा भाग आपोआप भरला जातो. सिनेमाला हे जसंच्या तसं ठेवा, पण गाण्यांना ही भर कमी करणारं "रेफरन्स लेव्हल ऑफसेट" १० किंवा १५ वर नेलं नाही तर आवाज ढब्ब होतो, कारण गाणी मुळातच मोठ्या आवाजात भरलेली असतात. दोन जुन्या नगांत निवड करायची असेल आणि एकात डायनॅमिक ईक्यू असेल, तर मी चॅनेलची संख्या न बघता तो उचलायला सांगेन.

जुना नग घेताना बॉक्स, वायर आणि मल्टिमीटर सोबत न्या. आधी बॉक्स न जोडता चालू करा. चार-पाच सेकंदांनी आतून "टक्" असा रिलेचा, म्हणजे बॉक्सची वाट आपोआप जोडणाऱ्या खटक्याचा, आवाज यायला हवा. तो आलाच नाही, किंवा "प्रोटेक्ट" लुकलुकत बंद पडला, तर बिघाड आत आहे. कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. रिले लागला तर पाच मिनिटं गरम होऊ द्या, आवाज शून्यावर ठेवा आणि मल्टिमीटर डीसीवर लावून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर धरा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. वर असेल तर आउटपुटचा भाग आजारी आहे आणि तो बॉक्सची कॉइल जाळू शकतो. मग बॉक्स लावून एकेक चॅनेल ऐका. एखादी बाजू हळू आवाजात मुकी आणि आवाज चढवला की एकदम बोलू लागते, तर रिलेच्या पट्टीवर काजळी आहे. रिले बदलणं तालुक्याच्या चांगल्या मेकॅनिकला जमतं, किमतीतून तेवढे पैसे तोडून घ्या. एचडीएमआय बोर्ड मेलेला असला तरी ऑप्टिकलवरून आवाज नीट येत असेल तर आपल्याला फरक पडत नाही, मात्र भाव पाडायला तो उत्तम मुद्दा आहे. रिमोट आहे का ते नक्की बघा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये सेटिंगच्या मेनूत रिमोटशिवाय शिरता येत नाही.

एक सापळा असा: बाहेरून आलेले अमेरिकी नग. मागच्या पट्टीवर "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" लिहिलेलं असेल तर तो आपल्या २३० च्या पिनमध्ये खुपसताक्षणी जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण मग रेडिओचं दुखणं उरतं. अमेरिकेत मध्यमलहरीची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या पायरीनं असतात, आपल्याकडं ९ च्या. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आहे, अमेरिकी ट्यूनर ५८० वरून थेट ५९० वर उडी मारतो. एफएमलाही तसंच. तिकडचे बरेच ट्यूनर ०.२ मेगाहर्ट्झच्या पायरीनं विषम दशांशावरच थांबतात, म्हणजे १००.५ नाहीतर १००.७, आणि नागपूरची विविध भारती आहे १००.६ वर. काही मॉडेलमध्ये दोन बटणं दाबून चालू केलं की पायरी बदलते. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ते आहे का हे पैसे देण्याआधी शोधा.

आता जोडणी. टीव्हीच्या मागं "ऑप्टिकल" किंवा "डिजिटल ऑडिओ आउट" असं चौकोनी झाकणाचं भोक असतं. दीड-दोन मीटरची ऑप्टिकल वायर तिथून रिसिव्हरच्या ऑप्टिकल इनपुटला. नव्या वायरच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची बारीक टोपी असते. ती तशीच ठेवून "आवाजच येत नाही" म्हणणारे कमी नाहीत. टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला म्हणजे टीव्ही पाठवतोय. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट "पीसीएम", म्हणजे साधा दोन चॅनेलचा आवाज, करा. "ऑटो"वर ठेवलं तर एखादं ॲप भलत्याच प्रकारचा डॉल्बी पाठवतं आणि जुना रिसिव्हर मुका बसतो. दोन बॉक्ससाठी पीसीएममध्ये काहीही गमावत नाही. ओठ आधी आणि शब्द मागून, किंवा उलटं, असं वाटलं तर रिसिव्हरमधलं "ऑडिओ डिले" किंवा टीव्हीतलं तसलंच सेटिंग २० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं हलवून बघा.

ऑप्टिकलचा आग्रह आवाजासाठी कमी आणि विजेसाठी जास्त आहे. त्या वायरमधून उजेड जातो, करंट जात नाही. आपल्याकडं मे-जूनच्या वळवात आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज जवळपास पडली की छत्रीच्या (डिशच्या) केबलमधून झटका सेटटॉप बॉक्समध्ये शिरतो, तिथून एचडीएमआयवरून टीव्हीत, तिथून पुढच्या यंत्रात. ऑप्टिकल असेल तर झटक्याची ती वाट तुटते. दुसरं, घरघर. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग सेटटॉप बॉक्सच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि तोच करंट तांब्याच्या वायरीतून ॲम्प्लिफायरमध्ये "ऽम्म्म" करत येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं हा त्यावरचा खरा इलाज. ऑप्टिकलनं निदान आवाजातली घरघर तरी थांबते.

फ्री डिशवाल्यांसाठी अजून एक सोय. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीची रेडिओ चॅनेलंही असतात. सेटटॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना थेट रिसिव्हरच्या "सीडी" किंवा "ऑक्स"मध्ये लावल्या की टीव्ही बंद ठेवून दिवसभर रेडिओ चालतो. ही वायर तांब्याची, तेव्हा वरचा झटक्याचा धोका इथं परत येतो, हे लक्षात ठेवून आभाळ भरलं की काढा. मोबाइलसाठी साडेतीन मिलिमीटर ते दोन आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर, मोबाइलचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून पुढची कमी-जास्त रिसिव्हरवर करा. "फोनो" लिहिलेल्या सॉकेटमध्ये मात्र काहीच लावू नका. ते तबकडीच्या पिनसाठी आहे, शंभरपट वाढवून देतं आणि मोबाइलचा आवाज तिथं नुसता फाटतो.

बॉक्स आणि वायर. वायर दुकानातली खास "स्पीकर वायर" घेण्याची गरज नाही. त्यातल्या स्वस्त वायरींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घरगुती वायर घ्या. सहा मीटर अंतराला जाऊन-येऊन १२ मीटरचा रोध ०.१५ ओमच्या आसपास भरतो, ६ ओमच्या बॉक्सला तो नगण्य. टोकं सोलल्यावर तारा पिळून घ्या. एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की "प्रोटेक्ट" आलंच. लाल-काळं उलटं झालंय का अशी शंका असेल तर रिसिव्हरकडची वायर काढून त्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. बॉक्समधल्या मोठ्या स्पीकरचा कागद बाहेर आला की सेलच्या अधिकाकडची वायर लाल. एक बॉक्स उलटा लागला असेल तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि लोक रिसिव्हरलाच दोष देतात.

बंद पडलेल्या डीव्हीडी होम थिएटरचे बॉक्स याला जोडू नका, ते बहुधा ३-४ ओमचे असतात. तसेच एकाच टर्मिनलला दोन ८ ओमचे बॉक्स समांतर लावले की ४ ओम होतात, आणि मे महिन्यात रिसिव्हर तासाभरात तापून बंद पडतो. मागं ओमचा खटका असेल तर तो ८ वर राहू द्या. खालच्या आकड्यावर बहुतेक रिसिव्हर आतला व्होल्टेजच कमी करतात आणि दम जातो. ओसरीवर दुसरी जोडी हवी असेल तर "स्पीकर बी" आहे. दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या तर किमान किती ओमचे बॉक्स चालतात ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि देवळावरचा भोंगा? नाही. त्यातला ड्रायव्हर खालच्या सुरांसाठी नसतोच, गाणं सोडलं की जळतो.

मेनूत गेल्यावर वूफर नसेल तर फ्रंट "लार्ज" आणि सबवूफर "नो". वूफर असेल तर फ्रंट "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर वूफरकडं जातात ती सीमा) ८० हर्ट्झ. "डायरेक्ट" (आवाजावर काहीही प्रक्रिया नाही) लावलं की बऱ्याच मॉडेलमध्ये वूफर गप्प होतो, तो बिघाड नाही. बातम्यांसाठी तिसरा बॉक्स टीव्हीखाली सेंटर म्हणून लावला आणि दोन चॅनेलमधून मधला आवाज वेगळा काढणारं "प्रो लॉजिक टू" निवडलं तर निवेदकाचं बोलणं थेट मधून येतं. कूलरच्या घरघरीत हा तिसरा बॉक्स बाकीच्या चार बॉक्सपेक्षा कामाचा. माइकवालं आपोआप सेटिंग करायचं असेल तर पहाटे करा, कूलर आणि पंखा बंद ठेवून, माइक हातात न धरता कानाच्या उंचीवर टेकवून. सतरंजीवर बसणाऱ्याचा कान पाऊण मीटरवर असतो, बाजेवरच्याचा मीटरभर. ट्वीटर, म्हणजे बॉक्समधला बारीक सुरांचा छोटा स्पीकर, तोही त्याच उंचीला हवा. बॉक्स फडताळावर, छताखाली चढवून ठेवणं म्हणजे निम्मा पैसा पाण्यात.

खोलीचं म्हणाल तर मातीच्या भिंती आणि कवेलूचं घर आवाजाला छान. घरकुलातली स्लॅब, टाइल आणि प्लॅस्टरची खोली घुमते. टाळी वाजवा, मागं "टिंग्" ऐकू आलं तर समोरच्या भिंतीवर एक जाड वाकळ दोरीवर टाका. टिनाच्या छपराखाली वूफर वाजला की पत्रा थरथरतो. जे-हूकच्या नटाखाली रबरी वायसर घालून ते आवळले की बरंच थांबतं. परीक्षेला खंजिरी भजन लावा. मोझरीच्या गुरुकुंजाच्या परंपरेतलं खंजिरी भजन घरोघरी असतंच. झांजांची प्रत्येक किणकिण सुटी ऐकू आली आणि चामड्यावरची थाप वेगळी राहिली तर जोडणी बरोबर. सगळं मिळून "किसकिस" झालं तर ट्वीटर गेलाय किंवा ट्रेबल चढवून ठेवलाय.

लाइन हा खरा शत्रू. ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज १८० च्या खाली उतरतो तेव्हा रिसिव्हर फार तर रिले सोडून बंद पडतो. मारतो तो चढलेला व्होल्टेज. डीपीवरचं न्यूट्रल तुटलं की घरात चारशेच्या आसपासही येऊ शकतो. म्हणून १ केव्हीएचा, जास्त व्होल्टेजला तोडणारा आणि लाइन आल्यावर काही मिनिटं थांबून देणारा स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइन गेल्यावर रिसिव्हर बंदच ठेवा. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि उगाच तापतो. विजेचा खर्च विचारणाऱ्यांसाठी: हळू आवाजात तो ४०-६० वॅट ओढतो, रोज चार तास धरले तर महिन्याला सहा युनिट.

तापण्याबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. क्रोशाचा रुमाल टीव्हीवर शोभतो, रिसिव्हरवर नाही. वरची जाळी उघडी हवी, वर किमान वीतभर मोकळी जागा, आणि काचेचं शोकेस तर नकोच. आतल्या कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडं खोलीच ४० वर असते. संगणकाचा १२ व्होल्टचा, १२ सेंटिमीटरचा पंखा जुन्या मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर लावून जाळीवर ठेवा, हवा वर ओढेल असा. बहुतेक पंखे तेवढ्यावर फिरतात आणि ऐकूही येत नाहीत. कूलरचा झोत मात्र थेट त्याच्यावर नको, वाळ्यातून येणारी ओली हवा पिनांना गंज चढवते.

दिवाळीनंतर वेचलेला कापूस ज्या खोलीत भरतात तिथं रिसिव्हर ठेवू नका. तंतू जाळीतून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांवर गोधडीसारखे बसतात, हवा अडते, वर आगीची भीती. प्लग काढा, अर्धा तास थांबा, मग झाकण उघडून एक इंची रंगाच्या कोरड्या ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा. मोठ्या कॅपॅसिटरच्या टोकांना बोट लावायचं नाही. पालीला आतली ऊब आवडते आणि ती पॉवर बोर्डवर आडवी पडली की स्वतःही जाते, बोर्डही नेते. त्यासाठी मच्छरदाणीचं कापड गुंडाळू नका, हवा कोंडते. रिसिव्हर भिंतीपासून वीतभर पुढं, चार लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा.

राहिला एफएमचा अँटेना. डब्यातली एक पदरी तार गावात पुरत नाही. दोन पदरी वायर घ्या, एका टोकाला ७१ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही पदर फाडून आडवे पसरा, म्हणजे टी तयार होतो. १००.६ साठी हीच लांबी. उरलेली वायर खाली आणून तिचे दोन पदर रिसिव्हरच्या एफएम टर्मिनलला, गोल सॉकेट असेल तर एक मधल्या पिनेला आणि दुसरा कडेला. टी बांबूच्या कांबीवर बांधा आणि आढ्याखाली, टिनापासून दूर टांगा. आवाज स्वच्छ होईपर्यंत कांब हळूहळू फिरवा, "स्टिरिओ"चा दिवा लागला की खिळा ठोका. स्टेशन लांब असेल आणि स्टिरिओत खरखर येत असेल तर ट्यूनर "मोनो"वर करा, खरखर बरीच बसते. आभाळात गडगडलं की प्लगसोबत हीही वायर काढायची.